एकात्मिक लष्करी प्रशिक्षण प्रणाली

सैनिकाला काय शिकवायचे हे ठरवणारी, ते प्रत्यक्ष शिकवणारी आणि कोण किती शिकला याचा हिशेब ठेवणारी अशा तीन व्यवस्था एकाच माहितीसाठ्यावर चालवण्याची पद्धत. पहिलीला प्रशिक्षण-विकास, दुसरीला प्रशिक्षण-वितरण आणि तिसरीला प्रशिक्षण-व्यवस्थापन म्हणतात. ‘वितरण’ म्हटले की आपल्याला रेशनचे दुकान आठवते, पण इथे त्यात वर्ग, कवायतीचे मैदान, गोळीबाराची रेंज, सिम्युलेटर आणि मोबाइलवरचा धडा हे सगळे येते.

सोलापूरकराला ही कल्पना जकार्डच्या मागावरून चटकन कळावी. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, कागदावरून कार्डांना भोके पडतात, कार्डांप्रमाणे माग चालतो आणि तयार माल गोदामाच्या वहीत चढतो. नक्षी बदलली आणि कार्डे जुनीच राहिली, तर माग मुकाट्याने जुनी चादर विणत राहतो. गोदामाची वही मात्र नव्या नक्षीच्या नावाने भरते. तिन्ही ठिकाणची माणसे आपापल्या जागी चोख असतात आणि तरी माल चुकतो. लष्करी प्रशिक्षणातही नेमके हेच घडत आले आहे.

अभ्यासक्रम रचण्याची शिस्तबद्ध रीत १९७५ मध्ये अमेरिकी लष्करासाठी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात बांधली गेली. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन या पाच पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती पुढे ‘ॲडी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचा कणा म्हणजे ‘काम’. प्रत्येक काम तीन अंगांनी लिहायचे: करायचे काय, कोणत्या परिस्थितीत आणि किती अचूक. ‘रायफलची माहिती असणे’ हे या रीतीत काम ठरत नाही. ‘रायफल उघडून, साफ करून, ठरलेल्या वेळेत एकही भाग न चुकता पुन्हा जोडणे’ हे ठरते. असे लिहिले की परीक्षा कशी घ्यायची हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रत्येक कामाला एक क्रमांक मिळतो आणि एकत्रीकरणाचा सगळा खेळ या क्रमांकावर चालतो. अभ्यासक्रमाच्या कागदावर, वर्गाच्या वेळापत्रकात आणि सैनिकाच्या नोंदपत्रात तोच क्रमांक असला, तरच या तीन जागा एकमेकींशी बोलू शकतात.

या व्यवस्था वेगळ्या पडल्या त्यामागे कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. अभ्यासक्रम लिहिणारे एका संचालनालयात, शिकवणारे प्रशिक्षण केंद्रांत आणि नोंदी ठेवणारे मनुष्यबळ विभागात. प्रत्येकाने आपल्या गरजेपुरते सॉफ्टवेअर आपल्या वेळेला घेतले. तीन तिघाडा, काम बिघाडा. अमेरिकी लष्करात अभ्यासक्रम घडवण्यासाठी एक, युनिटच्या प्रशिक्षणाच्या नोंदींसाठी ‘डीटीएमएस’ आणि कोर्सच्या जागा राखण्यासाठी ‘एटीआरआरएस’ अशा निरनिराळ्या प्रणाली होत्या. त्या एका छताखाली आणण्यासाठी ‘आर्मी ट्रेनिंग इन्फर्मेशन सिस्टम’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला.

वेगवेगळ्या प्रणालींना बोलते करायचे तर समान बोली लागते. ती घडवण्याचे काम अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्ट्रिब्युटेड लर्निंग’ या उपक्रमाने १९९७ नंतर केले. त्यातून आलेल्या ‘स्कॉर्म’ या मानकामुळे एका ठिकाणी तयार केलेला धडा हे मानक पाळणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही शिक्षण-व्यवस्थापन प्रणालीत चालू लागला. स्कॉर्मची नजर मात्र संगणकाच्या पडद्यापुरती. मैदानावर किंवा रेंजवर झालेले शिकणे त्याला दिसत नव्हते. २०१३ मध्ये आलेल्या ‘एक्सएपीआय’ने ही अडचण बरीचशी दूर केली. त्यात प्रत्येक नोंद साध्या वाक्यासारखी असते: कर्ता, क्रियापद, कर्म. ‘अमुक कॅडेटने अमुक काम पूर्ण केले.’ हे वाक्य सिम्युलेटर पाठवू शकतो, मोबाइल पाठवू शकतो आणि हातात टॅबलेट धरलेला उस्ताद, म्हणजे लष्करी प्रशिक्षकही पाठवू शकतो. सिम्युलेटर आपसांत जोडण्यासाठी ‘डीआयएस’ आणि ‘एचएलए’ ही निराळी मानके आहेत.

भारतात भूसेनेच्या प्रशिक्षणाची सूत्रे आर्मी ट्रेनिंग कमांडकडे आहेत. ही कमांड १९९१ मध्ये महू येथे उभी राहिली आणि १९९३ मध्ये सिमल्याला गेली. तिच्या आश्रयाखाली तयार झालेल्या ‘एकलव्य’ या ऑनलाइन मंचाचे उद्घाटन नोव्हेंबर २०२४ मध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांच्या हस्ते झाले. मंच अधिकाऱ्यांसाठी असून तो लष्कराच्या स्वतःच्या डेटा नेटवर्कवर चालतो, खुल्या इंटरनेटवर नाही. त्यावर तीन प्रकारचे अभ्यासक्रम आहेत: प्रत्यक्ष कोर्सला जाण्याआधीची पूर्वतयारी, विशिष्ट नेमणुकीसाठी लागणारे शिक्षण आणि व्यावसायिक वाढीचे विषय. पूर्वतयारी नेमणुकीच्या जागीच उरकली की केंद्रातले मोलाचे दिवस नव्या आणि प्रत्यक्ष वापराच्या विषयांना मिळतात, हा त्यामागचा हिशेब. नाव मार्मिक आहे. गुरू समोर नसताना शिकलेल्याचे नाव दूरशिक्षणाला शोभते, फक्त त्या गोष्टीचा शेवट कुणी फार आठवू नये. अंगठा आजही मागितला जातो, पण तो हजेरीच्या यंत्राला.

सोलापुरात लष्कराचे मोठे प्रशिक्षण केंद्र नाही. ब्रिटिश काळातल्या छावणीची खूण ‘लष्कर’ या वस्तीच्या नावात तेवढी उरली आहे. सोरेगावचा राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १० आणि केगावचे पोलीस प्रशिक्षण केंद्र ही गणवेशातली मोठी ठिकाणे, पण ती गृहखात्याची. लष्करी प्रशिक्षणाशी इथल्या मुलामुलींचा पहिला संबंध येतो तो राष्ट्रीय छात्र सेनेतून, म्हणजे एनसीसीतून. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेली ही संघटना संरक्षण मंत्रालयाखाली आहे. तिच्या कॅडेटवर सैन्यात जाण्याची सक्ती नाही, पण शिकवायला सैन्यातले पीआय स्टाफ, म्हणजे सैन्याने नेमून दिलेले प्रशिक्षक, असतात.

एनसीसीत तिन्ही व्यवस्था उघड्या डोळ्यांनी पाहता येतात. अभ्यासक्रम दिल्लीच्या महासंचालनालयात ठरतो. तो शिकवला जातो महाविद्यालयाच्या मैदानावर, ऊन तापायच्या आत, सकाळच्या परेडला. हजेरी, कॅम्प आणि परीक्षेच्या नोंदी एएनओच्या, म्हणजे एनसीसीचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकाच्या, वहीतून बटालियनच्या कार्यालयात पोहोचतात. ‘बी’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी आणि एक कॅम्प लागतो, त्यामुळे वहीतली एक चुकलेली ओळही महाग पडते.

ऑगस्ट २०२० मध्ये, टाळेबंदीने परेडी थांबल्या असताना, एनसीसीचे मोबाइल प्रशिक्षण ॲप आले. अभ्यासक्रम, धडे, चित्रफिती आणि शंका विचारण्याची सोय त्यात होती. हे झाले वितरण. व्यवस्थापनाची बाजू जून २०२३ मध्ये आली: संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी एनसीसीच्या एक-खिडकी एकात्मिक सॉफ्टवेअरचे उद्घाटन केले. नावनोंदणीपासून प्रमाणपत्रापर्यंत आणि पुढे माजी कॅडेट म्हणून नोंद होईपर्यंतचा सारा प्रवास एका ठिकाणी ठेवणे हा त्याचा हेतू. एकलव्य आणि हे सॉफ्टवेअर या दोन्हींच्या मागे अवकाश-उपयोग आणि भू-माहितीशास्त्राचे काम करणारी गांधीनगरची भास्कराचार्य संस्थाच आहे. उद्घाटनाच्या वेळीच कॅडेटांची शून्य शिल्लकेची खाती उघडण्यासाठी स्टेट बँकेशी करार झाला, म्हणजे गणवेशाचा भत्ता थेट खात्यात जावा.

इथे सोलापूरचा स्वतःचा पेच सुरू होतो. हे शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत बोलते. पद्मशाली या तेलुगू विणकर समाजाच्या घरात आडनाव आधी लिहायची रीत, मराठी शाळेत वडिलांचे नाव मध्ये घालायची. ‘गड्डम’ रोमन लिपीत एका कागदावर दोन डींनी, दुसऱ्यावर एकाने. दहावीची गुणपत्रिका, आधार, बँकेचे पासबुक आणि बटालियनचा नॉमिनल रोल, म्हणजे कॅडेटांची नामावली, यांत एकच मुलगी चार वेळा निराळी निघू शकते. कारकुनाला ती ओळखू येते, संगणकाला येत नाही. एका कॅडेटला आयुष्यभरासाठी एकच क्रमांक ही कल्पना दिल्लीत बसून किरकोळ वाटेल. चार लिपींच्या शहरात तीच सर्वांत मोठी सोय आहे.

भाषेचा प्रश्न वितरणालाही भिडतो. ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने मुड’ हे हुकूम हिंदीत आहेत आणि ते तसेच राहणे योग्य, कारण हुकूम अर्थाने कमी आणि नादाने जास्त कळतो. नकाशावाचनाचे तसे नाही. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, हे पोराला घरच्या भाषेत कळले नाही, तर नकाशावरचे दोन निराळे डोंगर त्याला सारखेच दिसतात. पीआय हवालदार कुठल्याही प्रांतातला असू शकतो, तेव्हा समजावण्याचे काम बहुधा एएनओ किंवा सीनियर कॅडेट करतो. या तोंडी शिकवणीला अभ्यासक्रमात क्रमांक नाही, म्हणून तिची नोंदही कुठे होत नाही.

एकत्रीकरणातला सर्वांत दुबळा दुवा म्हणजे परतीचा रस्ता. माहिती वरून खाली सहज वाहते: अभ्यासक्रम, धडा, हजेरी, निकाल. निकालातून अभ्यासक्रमाकडे उलट जाणारी वाट मात्र क्वचितच बांधलेली असते. एखाद्या तुकडीत निम्मे कॅडेट दिशाकोन काढताना चुकत असतील, तर ती माहिती धडा लिहिणाऱ्यापर्यंत जायला हवी. प्रत्यक्षात ती निकालपत्रात ‘अनुत्तीर्ण’ एवढ्या शब्दावर थांबते. प्रणालीने निकाल कामाच्या क्रमांकानुसार साठवला तरच चूक कुठे झाली हे कळते. नुसती टक्केवारी साठवली, तर तिन्ही व्यवस्था जोडूनही हाती फारसे लागत नाही.

जोडणीला सुरक्षेची किंमतही आहे. सगळे एका ठिकाणी आणले की चोरालाही एकच कुलूप तोडावे लागते. कोणत्या युनिटचे कोणते प्रशिक्षण अपुरे आहे ही यादी शत्रूच्या हाती लागली, तर ती शस्त्रसाठ्याच्या यादीइतकीच धोक्याची. म्हणून गोपनीय नोंदी वेगळ्या जाळ्यावर ठेवल्या जातात आणि दोन जाळ्यांमधली देवाणघेवाण मुद्दाम अवघड केली जाते.

शेवटी नेटवर्कचा प्रश्न राहतो. जिथे रेंज मिळत नाही अशा कॅम्पच्या माळावर नोंद आधी कागदावर होते आणि नंतर संगणकावर चढते. दरम्यान अभ्यासक्रमाची नवी आवृत्ती लागू झाली असेल, तर त्या दिवशीचे काम जुन्या क्रमांकाने मोजायचे की नव्या, आणि तारीख कागदावरची धरायची की संगणकातली, हे नियमात आधीच लिहिलेले असावे लागते.