सिगविन आणि मिनजीडब्ल्यू: फरक कंपायलरचा नाही, रनटाइमचा

‘विंडोजवर जीसीसी हवाय ना? मग सिगविन टाका नाहीतर मिनजीडब्ल्यू, दोन्ही एकच.’ हा सल्ला आता थांबायला हवा. दोन्हींत सारखा आहे तो फक्त कंपायलर, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बनवणारं टूल. तेच जीसीसी, तेच फ्लॅग, तीच मेकफाइल. लिनक्सवर रोज कोड बिल्ड करणाऱ्याला यात शिकण्यासारखं काही नाही. खरा फरक बिल्ड संपल्यावर सुरू होतो: तयार झालेली एक्सई चालताना कुणाच्या आधारावर चालते? हा आधार म्हणजेच रनटाइम.

सिगविन १९९५ मध्ये सिग्नस सोल्यूशन्समध्ये सुरू झालं. युनिक्ससाठी लिहिलेला सोर्स कोड फारसा न बदलता विंडोजवर बिल्ड व्हावा, हा त्याचा हेतू. विंडोजमध्ये फोर्क (चालू प्रोसेसची प्रत काढणं) नाही, युनिक्ससारखे सिग्नल (प्रोसेसला पाठवायचे इशारे) नाहीत, ‘/प्रोक’ (प्रोसेसची माहिती देणारा फोल्डर) नाही. हे सगळं सिगविन१.डीएलएल ही एक लायब्ररी उभं करते. प्रोग्रॅमने फोर्क मागितला की ती नवी प्रोसेस सुरू करते आणि जुनीची मेमरी तिच्यात उतरवते. हे काम जड आहे, म्हणूनच बिल्डआधी मशीन तपासताना शेकडो छोट्या प्रोसेस सुरू करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट सिगविनवर रेंगाळते. आणि ती डीएलएल नसेल तर तुमची एक्सई सुरूच होत नाही.

मिनजीडब्ल्यू असं काहीही मध्ये ठेवत नाही. ते विंडोजच्या एपीआयची (प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या विंडोजच्या फंक्शनांची) हेडर आणि इम्पोर्ट लायब्ररी देतं, आणि सी लायब्ररी मायक्रोसॉफ्टचीच वापरतं: जुनी एमएसव्हीसीआरटी किंवा विंडोज १० पासून सोबतच येणारी यूसीआरटी. इथे फोर्क लिहिलात तर बिल्डच अडेल. त्याऐवजी विंडोजचं क्रिएटप्रोसेस वापरावं लागेल, नेटवर्कच्या सॉकेटसाठी विंडोजच्या विनसॉककडे वळावं लागेल. हा त्रास वाटतो, पण विंडोजचा प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे हेच करायचं असतं.

सिगविन लिनक्सच्या तयार बायनरी चालवतं, हा समजही सोडा. सिगविनची एक्सईसुद्धा विंडोजच्याच पीई फॉरमॅटमध्ये असते. लिनक्सची बायनरी जशीच्या तशी चालवायची तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) घ्या.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते एमसिस२, म्हणजे विंडोजवर बिल्डसाठी लागणाऱ्या साधनांचा संच. एकाच इन्स्टॉलरमध्ये दोन्ही जगं आहेत. त्याचं बॅश, मेक, पॅकेज टाकणारं पॅकमॅन हे सगळं एमसिस-२.०.डीएलएलवर चालतं, आणि ही डीएलएल सिगविनच्याच कोडमधून निघालेली आहे. यूसीआरटी६४ हे वातावरण मात्र मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ (मिनजीडब्ल्यूमधूनच निघालेला प्रकल्प) वर उभं आहे. नवशिका यूसीआरटी६४ ची खिडकी उघडतो आणि ‘पॅकमॅन -एस जीसीसी’ देतो. खिडकी बरोबर, पॅकेज चुकीचं! नुसत्या ‘जीसीसी’ नावाचं पॅकेज एमसिससाठीचं, म्हणजे एमसिस-२.०.डीएलएलवर चालणाऱ्या वातावरणाचं आहे. ते ‘/यूएसआर/बिन’मध्ये बसतं, तो फोल्डर यूसीआरटी६४ च्या पाथमध्येही (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) असतो, त्यामुळे कमांड बिनतक्रार चालते. एक्सई तयार होते, स्वतःच्या मशीनवर पळते, मित्राला पाठवली की एमसिस-२.०.डीएलएल सापडत नाही म्हणून अडते. हवं असलेलं पॅकेज ‘मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४-जीसीसी’. नाव लांबलचक आहे, पण पूर्णच टाइप करा.

यावर ती डीएलएल एक्सईशेजारी कॉपी करून द्या, असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दुखणं तसंच राहतं, फक्त दिसेनासं होतं. त्याऐवजी एक्सईवर ‘ऑब्जडम्प -पी’ चालवा आणि ‘डीएलएल नेम’च्या ओळी वाचा. तिथे सिगविन१ किंवा एमसिस-२.० दिसलं तर प्रोग्रॅम त्या रनटाइमचा. फक्त कर्नेल३२ (विंडोजची स्वतःची डीएलएल) आणि सी लायब्ररीची नावं असतील तर तो थेट विंडोजशी बोलतो. लिबजीसीसी किंवा लिबएसटीडीसी++ दिसलं तर घाबरू नका, त्या कंपायलरच्या स्वतःच्या लायब्ररी आहेत. ‘-स्टॅटिक’ देऊन पुन्हा लिंक केलं की त्या एक्सईतच सामावतात.

फाइलच्या पाथचा (फाइल कुठे आहे ते सांगणाऱ्या पत्त्याचा) घोटाळाही याच मुळातून येतो. एमसिस२ च्या बॅशमधून मिनजीडब्ल्यूच्या प्रोग्रॅमला ‘/सी/डेटा/नोंद.टीएक्सटी’ असा पाथ आर्ग्युमेंट म्हणून दिला तर तो उघडतो, कारण एमसिसचा रनटाइम तो वाटेतच ‘सी:/डेटा/नोंद.टीएक्सटी’ असा बदलून देतो. तोच पाथ सोर्स कोडमध्ये एफओपनला (फाइल उघडणाऱ्या फंक्शनला) लिहून दिला तर फाइल सापडत नाही. तिथे बदलून द्यायला कुणी नसतं, आणि विंडोज चालू ड्राइव्हवर ‘सी’ नावाचा फोल्डर शोधत बसतं.

बाकी किरकोळ. ६४ बिट सिगविनमध्ये लाँग (सी मधला पूर्णांकाचा प्रकार) ८ बाइटचा, मिनजीडब्ल्यूमध्ये ४ बाइटचा, म्हणून पॉइंटर (मेमरीचा पत्ता) लाँगमध्ये कोंबू नका. ‘एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिनजीडब्ल्यू३२’ या कंपायलरच्या नावातल्या ३२ चा बिटशी संबंध नाही, तो विन३२ एपीआयमधला आहे.

युनिक्सचं एखादं जुनं टूल स्वतःच्या मशीनवर हवं असेल, त्यात फोर्क आणि सिग्नल ठासून भरलेले असतील, तर सिगविन बेलाशक वापरा. ते काम त्याच्याइतकं नीट मिनजीडब्ल्यू करणार नाही. दुसऱ्याच्या हातात द्यायची एक्सई मात्र मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ नेच बिल्ड करा. हाताशी डेबियन लिनक्स असेल तर ‘मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४’ पॅकेज टाकून तिथूनच क्रॉस कंपाइल करा, म्हणजे लिनक्सवर बसून विंडोजची एक्सई बनवा. बिल्ड विंडोजपेक्षा झपाट्याने होतं, आणि चुकीच्या खिडकीतला जीसीसी लागण्याचा प्रश्नच येत नाही.