बीके-७ आणि बाक-४: दुर्बिणीतला उजेड नक्की कुठे हरवतो?

खोक्यावर ‘बाक-४ प्रिझम’ (प्रिझम म्हणजे दुर्बिणीच्या आतला, उलटी प्रतिमा सरळ करणारा काचेचा ठोकळा) असं छापलेलं दिसलं की दुर्बीण घेणारा निर्धास्त होतो. बाक-४ म्हणजे भारी काच, भारी काच म्हणजे जास्त उजेड, असा सरळ हिशेब. तो निम्मा बरोबर आहे, पण लोक धरून चालतात तो निम्मा नव्हे.

बीके-७ आणि बाक-४ ही दोन्ही नावं जर्मनीच्या शॉट या काच-कंपनीच्या यादीतली. बीके-७ बोरोसिलिकेट काच, बाक-४ बेरियमवाली. बीके-७ मळकट असते हा गैरसमजच. अडीच सेंटिमीटर जाडीतून जाताना हिरव्या प्रकाशातला अर्धा टक्कासुद्धा ती गिळत नाही.

खरा फरक अपवर्तनांकात (काच किरण किती वाकवते त्याचं माप): बीके-७ चा १.५१७, बाक-४ चा १.५६९. पोरो प्रिझममध्ये (बाकदार, खांदेवाल्या दुर्बिणीतल्या) आरसा नसतो. किरण काचेच्या आतल्या बाजूवर आपटून पूर्ण परत फिरतो. त्यासाठी बीके-७ मध्ये तो लंबाशी ४१.२ अंशांहून जास्त कोनात पडावा लागतो, बाक-४ मध्ये ३९.६ पुरतात. मधला किरण ४५ अंशांवर पडतो, त्याला कुठेच धोका नाही. पण मोठ्या भिंगाच्या कडेकडून आलेला किरण कललेला असतो, आणि बीके-७ मध्ये त्यातला काही उजेड मागून निसटतो.

हे घरच्या घरी दिसतं. आयपीस (डोळा लावायचं भिंग) आपल्याकडे करून दुर्बीण हातभर लांब धरा आणि मोकळ्या आकाशाकडे रोखा (सूर्याकडे चुकूनही नको). आयपीसमध्ये उजेडाची टिकली दिसेल. बाक-४ असेल तर गोल, कडेपर्यंत सारखी. बीके-७ असेल तर बहुधा चौकोनी वाटणारी, बाजूंना करड्या-निळसर सावल्या.

आता गंमत बघा. १०×५० दुर्बिणीत (दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं) ही टिकली ५० भागिले १०, म्हणजे ५ मिलिमीटरची. भर दुपारी डोळ्याची बाहुली जेमतेम २-३ मिलिमीटर उघडी, म्हणजे ती सावलीवाली कड डोळ्यात शिरतच नाही. बाक-४ चे पैसे वसूल होतात ते तिन्हीसांजेला आणि तारे बघताना.

उजेड खरा खातात ते पृष्ठभाग. हवा आणि काच भेटतात तिथे परावर्तन कमी करणारा पातळ लेप नसेल तर दर वेळी सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. साध्या पोरो दुर्बिणीत असे दहाएक पृष्ठभाग असतात. शेवटी डोळ्यापर्यंत पोचतो दोन-तृतीयांश. चांगल्या मल्टी-कोटिंगने (एकावर एक अनेक लेपांनी) प्रत्येक ठिकाणचं नुकसान अर्ध्या टक्क्यावर आलं, तर ९५ टक्के पोचतो. आणि बिनलेपाची बाक-४ तर बीके-७ पेक्षा जास्तच परतवते, ४.२ च्या जागी ४.९ टक्के! म्हणून नुसतं ‘कोटेड’ लिहिलेल्या बाक-४ पेक्षा ‘फुल्ली मल्टी-कोटेड’ (सगळ्या पृष्ठभागांवर अनेक लेप असलेली) बीके-७ दिवसा वापरायला मी डोळे झाकून घेईन. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब भिंगात पाहा: पांढरंफटक दिसलं तर लेप नाही, हिरवट-जांभळं आणि फिकट दिसलं तर आहे.

सरळ नळीच्या रूफ प्रिझम दुर्बिणींत आणखी एक भानगड. त्यांतल्या नेहमीच्या श्मिट-पेशान प्रिझमच्या एका बाजूवर पूर्ण परावर्तन होतच नाही, तिथे आरशाचा मुलामा द्यावा लागतो. ॲल्युमिनियमचा असेल तर दहाएक टक्के उजेड तिथेच जातो, चांदीचा असेल तर बराच कमी, डायइलेक्ट्रिक (धातूविना, पातळ थरांचा) असेल तर जेमतेम एक टक्का. यातला कोणता मुलामा आहे, ते ‘बाक-४’ वाचून कळत नाही.