नदीप्रदूषण आणि पर्यटन : बेळगाव सीमाभागातील भूगोलाच्या क्षेत्रअभ्यासाची पार्श्वभूमी

मलप्रभा नदीच्या काठावर उभे राहून पाण्याचा नमुना घेणे आणि त्याच घाटावर आलेल्या भाविकांना प्रश्नावली देणे ही दोन्ही कामे भूगोलाच्या विद्यार्थ्याला आज एकाच अहवालासाठी करावी लागतात. मात्र ही कामे मुळात एका घरची नाहीत. पाण्याची तपासणी अभियंत्यांकडून आणि आरोग्य खात्याकडून आली, पर्यटनाचा अभ्यास समाजशास्त्राच्या अंगाने आला, आणि भूगोलाची स्वतःची क्षेत्रभेट दीर्घकाळ भूरूपे, नकाशे व गावपाहणी यांतच रमलेली होती.

बेळगाव जिल्ह्यातील नद्यांचे जुने सविस्तर वर्णन हवे असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ मधील बेळगाव खंड पाहावा लागतो. प्रशासनाच्या सोयीसाठी लिहिलेल्या त्या खंडात नदी येते ती उगम, उतार, पूर आणि सिंचन यांच्या हिशेबाने. पाणी स्वच्छ की दूषित हा त्या वर्णनाचा मुख्य प्रश्न नव्हता. गोकाकजवळ घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, तेथील वालुकाश्माचे कडे आणि घळई ही पुढे अभ्याससहलींची हक्काची जागा झाली. १८८० च्या दशकात धबधब्याच्या शेजारी कापडगिरणी उभी राहिली आणि पडत्या पाण्यावर यंत्रे चालू लागली, पण सहलीच्या वहीत गिरणी 'उद्योगधंदे' या सदरात आणि धबधबा 'भूरूपे' या सदरात वेगवेगळा नोंदला जाई. विद्यार्थ्यांकडून पद्धतशीर माहिती गोळा करून घेण्याचा मोठा प्रयोग १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये झाला. डडली स्टॅम्प यांच्या भूमिउपयोग सर्वेक्षणात शाळकरी मुलांनी शेताशेतांतून फिरून नकाशे रंगवले, आणि मुलांनी गोळा केलेली माहितीही उपयोगी पडते हे त्यातून दिसून आले. आपल्याकडच्या केंद्रीय अभ्यासक्रमात बारावीच्या भूगोल प्रात्यक्षिकासाठी क्षेत्रसर्वेक्षणाचा नमुना म्हणून बेळगाव जिल्हा आलेला होता, पण तोही दुष्काळाच्या पाहणीसाठी. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस आणि सौंदत्ती-रामदुर्गकडे टंचाई, अशा जिल्ह्यात ते अस्थानी नाही.

प्रदूषण मोजण्याची हत्यारे याहून जुनी आहेत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर यांची पद्धत १८८८ मधील असून ती आजही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत चालते. काचेची बाटली पाण्याखाली धरून, आत बुडबुडा राहणार नाही अशा बेताने भरायची आणि काठावरच तिच्यात मँगनस सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड घालायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. नेमका आकडा नंतर प्रयोगशाळेत अनुमापनाने मिळतो, पण नाल्याच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत पांढरट साका बसताना पाहिला की विद्यार्थ्याला पुढचे फारसे समजावून सांगावे लागत नाही. बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) या मापाचा उगम ब्रिटनमधील सांडपाणीविषयक शाही आयोगात आहे. १८९८ ते १९१५ या काळात काम केलेल्या या आयोगाच्या १९१२ च्या अहवालातून पाच दिवसांची चाचणी रूढ झाली, आणि तिथल्या नद्यांचे पाणी साधारण तेवढ्या दिवसांत समुद्राला मिळते असा तिच्यामागचा हिशेब सांगितला जातो. भारतात उष्ण हवामान लक्षात घेऊन २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांची चाचणी प्रमाण मानली जाते. स्नानयोग्य पाण्यासाठी बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, हा निकष विद्यार्थ्यांच्या अहवालात हमखास असतो.

कायदा आला तो १९७४ मध्ये. त्या वर्षीच्या जलप्रदूषण अधिनियमानंतर कर्नाटकात राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला होता. सीमाभागातल्या नद्यांना मात्र ही सरहद्द कळत नाही. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा आणि गडहिंग्लज ओलांडून संकेश्वरकडे येते, दूधगंगा-वेदगंगेचे पाणी चिकोडी-निपाणीच्या बाजूला उतरते आणि इचलकरंजीवरून आलेली पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेत मिसळते. राजापूर बंधाऱ्याच्या खाली कृष्णा कर्नाटकात शिरते, तेव्हा तिच्या वरच्या टप्प्याच्या नोंदी एका राज्याच्या मंडळाकडे आणि खालच्या टप्प्याच्या दुसऱ्याकडे अशी विभागणी झालेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांनंतर पर्यावरण शिक्षणाला जोर आला, पुढे पदवीच्या सर्व शाखांना हा विषय सक्तीचा झाला, आणि नदीकाठची पाहणी भूगोल विभागाबाहेरही पोहोचली. २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने देशभरात नद्यांचे ३५१ प्रदूषित टप्पे दाखवले, त्यांत कर्नाटकातील १७ नद्या होत्या. मलप्रभा आणि कृष्णा या दोन्हींची नावे त्या यादीत आहेत.

पर्यटनाची बाजू यानंतर जोडली गेली. बाहेरून येणाऱ्यांचे आधी स्वागत, मग त्यांच्याविषयी उदासीनता, पुढे त्रासिकपणा आणि शेवटी उघड विरोध, असा स्थानिकांच्या मनोवृत्तीचा क्रम डॉक्सी यांनी १९७५ मध्ये मांडला. पर्यटनस्थळाच्या जीवनचक्राचे बटलर यांचे प्रतिमान १९८० चे. दोन्ही पाश्चात्त्य विश्रांतिस्थळे डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली आहेत, आणि ती सौंदत्तीच्या डोंगराला जशीच्या तशी लावणे माझ्या मते धाडसाचे आहे. तेथील यल्लम्मा देवीला मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला कोल्हापूर-सांगलीकडून जाणारे भाविक पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. ज्या स्थळाची लोकप्रियता पंचांगावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी उदय, वाढ आणि ऱ्हास असा आलेख काढणे अवघड जाते. शिवाय येथे स्नान जोगुळभावीच्या कुंडात होते आणि मुक्काम डोंगरावर पडतो. यात्रेचा पहिला भार त्यामुळे कुंडावर आणि माळावर येतो, मलप्रभेवर नव्हे.

हे दोन विषय एकत्र करताना सर्वांत मोठी अडचण ऋतूंची आहे, आणि तिची दखल अहवालांत पुरेशी घेतली जात नाही. महाविद्यालयाला क्षेत्रभेट सोयीची पडते डिसेंबर-जानेवारीत. त्याच सुमारास नदीचा प्रवाह ओसरू लागलेला असतो, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो, यात्राही तेव्हाच भरतात. मग प्राणवायू खाली गेलेला दिसला तर तो मळीमिश्रित पाण्यामुळे, गावच्या सांडपाण्यामुळे की भाविकांच्या गर्दीमुळे, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. पावसाळ्यात याच्या उलट घडते. गोकाक, गोडचिनमलकी आणि जांबोटी-चोर्ला भागात पर्यटकांची झुंबड उडते, पण नदी दुथडी भरून वाहत असल्याने बीओडीचा आकडा निर्धास्त करणारा येतो. प्लास्टिकच्या बाटल्या, चुलींची राख आणि वाहनांनी तुडवलेला काठ यांची नोंद बाटलीतल्या पाण्यात होत नाही. यामुळेच पर्यटनाच्या परिणामासाठी काठाची पाहणी, कचऱ्याची गणना आणि पायवाटांची रुंदी मोजणे ही कामे पाणीतपासणीपासून वेगळी काढावी लागतात.

बेळगाव शहराजवळच्या मार्कंडेय नदीवर गर्दीपेक्षा नागरी सांडपाणी हाच मुख्य प्रश्न आहे. बळ्ळारी नाल्याचा त्रास वडगाव-शहापूरच्या शिवारातील शेतकऱ्यांना नवा नाही. तेथे पर्यटनाचे प्रकरण ओढूनताणून घालण्यात अर्थ नाही.

मलप्रभा मात्र विद्यार्थ्यांना सोयीची नदी आहे. कणकुंबीला तिचा उगम आहे आणि कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते, म्हणजे ती संपूर्ण कर्नाटकातच वाहते आणि नोंदी एकाच मंडळाकडे सापडतात. वरच्या टप्प्यात वस्ती तुरळक असल्याने कणकुंबीचे पाणी तुलनेसाठी घेता येते. हब्बनहट्टीचा मारुती आणि असोग्याचे रामेश्वर मंदिर ही नदीकाठची देवस्थाने असल्याने गर्दीचा परिणाम पाहण्यासाठी ती ठिकाणे योग्य ठरतात, तर खानापूर शहराच्या वर आणि खाली घेतलेल्या नमुन्यांतून सांडपाण्याचा वाटा वेगळा काढता येतो. एक नमुना यात्रेच्या किंवा सणाच्या दिवशी आणि दुसरा त्याच आठवड्यातील साध्या दिवशी घेतला, प्रवाहाचा वेग दोन्ही वेळा मोजला आणि प्रश्नावली मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत छापली, तर पदवीच्या पातळीवरील अहवालालाही खानापूर तालुक्यात उपयोग राहतो.