सोऱ्याच्या गारव्याचे मोजमाप

रावेर-यावलच्या केळीबागांत ठिबकमधून 13:0:45 सोडणाऱ्यांना एक गोष्ट हातानेच ठाऊक असते. पन्नास लिटर पाण्यात पाच किलो खत टाकून ढवळले की ड्रम गार लागतो आणि शेवटच्या मुठी विरघळायला वेळ घेतात. हे खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जुन्या बाजारातला सोरा. विरघळताना तो दर मोलमागे, म्हणजे 101 ग्रॅममागे, सुमारे 35 किलोज्यूल उष्णता पाण्यातून ओढून घेतो. वरच्या प्रमाणात पाणी सात-आठ अंशांनी उतरते.

हा गुण आपल्याकडे जुनाच माहीत होता. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त पाणी थंड करण्याची कृती आहे: पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि शेरभर पाण्याची धातूची बंद सुरई त्यात पाव तास फिरवायची. हे प्रमाण पाहण्यासारखे आहे. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना जेमतेम 32 ग्रॅम सोरा विरघळतो. इथे तर 50 ग्रॅम टाकलेला. पाणी गार होत जाते तसा उरलेला सोरा तळाशीच राहतो.

गारवा वापरता येत होता, मोजता येत नव्हता, कारण तापमान आणि उष्णता यांतला फरकच स्पष्ट नव्हता. तो 1760 च्या सुमारास ग्लासगोत जोसेफ ब्लॅकने दाखवला. बर्फ वितळताना उष्णता घेतो, तरी त्याचे तापमान वाढत नाही. या अप्रकट उष्म्यावरच लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी 1782-83 मध्ये बर्फाचा कॅलरीमापी, म्हणजे उष्णता मोजायचे भांडे, उभा केला. वितळलेल्या पाण्याचे वजन, तेच उष्णतेचे माप. पण उष्णता शोषणाऱ्या सोऱ्यासाठी तो कुचकामी. बर्फ वितळवायला उष्णता बाहेर पडावी लागते.

पुढचे मोठे पाऊल सेंट पीटर्सबर्गचा रसायनशास्त्रज्ञ हेस याचे. गंधकाम्ल आधी टप्प्याटप्प्याने पाण्यात मिसळा किंवा थेट अमोनियाने उदासीन करा, एकूण उष्णता तेवढीच भरते, हे त्याने 1840 मध्ये मांडले. त्यामुळे थेट मोजता न येणारी उष्णता वजाबाकीने काढता येऊ लागली. निर्जल मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) विरघळणे मोलमागे सुमारे 66 किलोज्यूल देते, स्फटिकी मोरचुदाचे सुमारे 12 घेते; म्हणून स्फटिकातले पाणी जोडले जाताना सुमारे 78 किलोज्यूल बाहेर पडतात.

कोपनहेगनचा थॉमसन आणि पॅरिसचा बर्थेलो या रसायनशास्त्रज्ञांनी यानंतर मोजमापांचा डोंगर रचला. दोघांचीही धारणा एकच: बदल आपोआप घडतो तो उष्णता बाहेर टाकणाऱ्या दिशेने. सोऱ्याने ती धारणा खोटी ठरवली. तो आपणहून विरघळतो आणि तरीही उष्णता घेतो. उत्तर गिब्ज आणि हेल्महोल्ट्झ यांच्या मुक्त ऊर्जेच्या विचारात मिळाले: उष्णतेबरोबर एन्ट्रॉपीही, म्हणजे कणांच्या विखुरलेपणाचे माप, मोजावी लागते. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा याच साध्या क्षाराने दिला.

सोऱ्याचा गारवा स्वतः मोजायचा तर भांडे मात्र साधेच लागते. झाकणाचा थर्मास उत्तम. नाहीतर बीकरभोवती सरकी काढलेला कापूस दाबून तो मोठ्या डब्यात बसवावा. पाणी 100 ग्रॅम, सोरा 5 ग्रॅम, बारीक कुटलेला, कोरडा आणि पाण्याच्याच तापमानाचा. क्षार टाकण्याआधी पाच मिनिटे आणि नंतर दहा मिनिटे, दर तीस सेकंदांनी तापमान नोंदवावे. आलेखावर नंतरची रेषा क्षार टाकण्याच्या क्षणापर्यंत मागे ओढली की खरा उतार कळतो. तो चार अंशांच्या आसपास येतो.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात खोली चाळिशीत असते आणि बाहेरची उष्णता सारखी आत शिरते. शास्त्रज्ञ रम्फर्डची जुनी युक्ती इथे कामी येते: पाणी खोलीपेक्षा दोन अंश वर ठेवून सुरुवात करावी, म्हणजे शेवट दोन अंश खाली होतो आणि आत-बाहेरची गळती बरीचशी फिटते. भांडे स्वतः किती उष्णता धरते तेही आधी ठराविक गरम पाणी मिसळून काढावे, नाहीतर उत्तर कमीच येणार. उतार तीन अंशांवरच अडला, तर पहिल्यांदा तळ पाहावा. बहुतेक वेळा जाडसर सोरा तिथेच बसलेला असतो.