मोज्यांचा वास आणि चीजची चव

लिंबर्गर चीजचा तुकडा नाकाजवळ नेला की अनेकांना घामट मोजे आठवतात. त्याला कारणही आहे. या चीजच्या सालीवर ब्रेव्हिबॅक्टेरियम जातीचे जिवाणू वाढतात, आणि त्यांची भावंडं आपल्या त्वचेवर राहतात. मग त्याच वासानं कुणाच्या तोंडाला पाणी सुटतं ते कसं?

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना घामट पाय आणि चीज या दोन्हींच्या वासात असणाऱ्या आयसोव्हॅलेरिक आम्लाचा वास दिला होता, त्यात थोडा चेडरचा स्वाद मिसळलेला. वास येताना समोर कधी ‘चेडर चीज’ असे शब्द दिसत, कधी ‘अंगाचा वास’. वास एकच, पण चीजचं नाव दिसलं की तो लोकांना जास्त सुखद वाटे. इतकंच नव्हे, मेंदूत वासाची गोडी जोखणाऱ्या भागातली हालचालही बदले. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. चव जिभेवर ठरते ही आपली समजूत तो मुळापासून हलवतो.

वासाची ही ओळख जन्माआधीच सुरू होते. फ्रान्सच्या आल्सास भागात, गरोदरपणी बडीशेपेसारख्या वासाचं ॲनिस खाल्लेल्या आयांची बाळं जन्मल्याबरोबर त्या वासाकडे वळली. इतर बाळांनी तोंड तरी फिरवलं, नाहीतर दखलच घेतली नाही.

पण आईच्या ताटात काय पडणार, हे कोण ठरवतं? आल्प्सच्या उंच कुरणांवर ते बऱ्याच अंशी मिठानं ठरवलं. मीठ खालून वाहून आणावं लागे, आणि चीज विकायला पुन्हा खाली न्यावं लागे. म्हणून गवळ्यांनी फाटलेलं दूध तापवून, दाबून त्यातलं पाणी काढलं आणि महिनोन्‌महिने टिकणारी चीजची मोठी चाकं घडवली. मीठ कमी असल्यामुळे त्यात प्रोपिऑनिक जिवाणूंचं फावलं. एमेंटाल या भोकाभोकांच्या स्विस चीजची गोडसर, अक्रोडासारखी चव त्यांचीच, आणि भोकं फुगवणारा कार्बन डायऑक्साइडही त्यांचाच. फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा कॅमेम्बेर हा चीजचा प्रकार मात्र लहान, मऊ आणि लवकर मुरणारा. त्याला डोंगर उतरायचा नव्हता.

पुढे सरकारांनीही हात घातला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं चीजसाठीचं बहुतेक दूध एकाच ठरावीक प्रकारच्या चेडरकडे वळवलं. रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं आणि एक अख्खी पिढी त्याच चवीवर वाढली. स्वित्झर्लंडमध्ये १९१४ ते १९९९ या काळात चीजचा व्यापार हाती असलेल्या संघानं फोंड्यूला, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजला, राष्ट्रीय पदार्थ म्हणून घरोघरी पोचवलं.

एवढं होऊनही सगळे वश होत नाहीत. फ्रान्समध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३३२ जणांपैकी ११.५ टक्के लोकांना चीजचा तिटकारा होता. विचारलेल्या इतर कुठल्याही पदार्थाच्या वाट्याला एवढा तिटकारा आला नव्हता. चीज दाखवून, त्याचा वास देऊन मेंदू तपासला, तेव्हा या मंडळींच्या मेंदूतले जे भाग जास्त उत्तेजित झाले, ते आवडत्या गोष्टीच्या ओढीशी जोडले जाणारेच होते.