साथ आली की पहिलं कुलूप थिएटरला : १८९६ ते २०२२

मुंबईत सिनेमा आणि प्लेग जवळजवळ हातात हात घालून आले. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली, तिकीट होतं एक रुपया. आठवड्याभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. सप्टेंबरात मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं आणि लोकांनी शहर सोडायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८९७ मध्ये, ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात त्याची अंमलबजावणी कशी झाली आणि रँडचं काय झालं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

तोच कायदा १२३ वर्षांनी, कोरोनाची साथ आल्यावर, १३ मार्च २०२० रोजी राज्य सरकारने पुन्हा लागू केला. त्या रात्री बारापासून मुंबई, पुणे, नागपूर आणि आसपासच्या शहरांतली नाट्यगृहं, चित्रपटगृहं, व्यायामशाळा आणि तरणतलाव बंद झाले. देशव्यापी टाळेबंदी त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आली.

सगळ्यांना हे थोड्या दिवसांचं वाटलं, त्यालाही कारण होतं. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी पुण्या-मुंबईतली थिएटरं काही दिवस बंद राहिली होती आणि मग सगळं पूर्वपदावर आलं होतं. निर्मात्यांच्या, कलाकारांच्या, डोअरकीपरच्या डोक्यात तोच हिशेब होता. मार्चच्या पहिल्या आदेशातली मुदतही महिनाअखेरपर्यंतचीच होती.

प्रत्यक्षात दार उघडायला नोव्हेंबर उजाडला. केंद्राने १५ ऑक्टोबरपासून निम्म्या क्षमतेने चित्रपटगृहांना मुभा दिली होती. महाराष्ट्राने ती ५ नोव्हेंबर २०२० पासून दिली. तो दिवस मराठी रंगभूमी दिनाचा. पण परवानगी आली म्हणून प्रयोग लागत नाही. मधल्या काळात मालिकांचं चित्रीकरण सुरू झालं होतं आणि नट तिकडे अडकले होते. नाट्यगृहाच्या तारखा काही महिने आधी वाटल्या जातात, त्या नव्याने घ्यायच्या होत्या, तालमी करायच्या होत्या. डिसेंबरात प्रशांत दामले यांनी 'एका लग्नाची पुढची गोष्ट' पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात उभं केलं. एक खुर्ची सोडून एक प्रेक्षक, तोंडावर मास्क, तरी लोक आले. ते आले म्हणून बाकीच्या निर्मात्यांना धीर आला.

इथे सिनेमा आणि नाटक यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि या सगळ्या काळात धोरण ठरवताना हा फरक कुणी पुरेसा लक्षात घेतला नाही असं मला ठामपणे वाटतं. सिनेमाच्या तिकिटाचे पैसे वितरक आणि थिएटरमालक यांच्यात टक्केवारीने वाटले जातात, त्यामुळे अर्ध्या सभागृहाची झळ दोघांत विभागली जाते. शिवाय तयार सिनेमा डब्यात थांबू शकतो किंवा ओटीटीवर जाऊ शकतो. जून २०२० पासून मोठे हिंदी सिनेमे थेट तिकडे गेलेच. नाटकाला मात्र थांबायची जागाच नाही. प्रयोग झाला तर ते आहे. नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांच्या आणि बॅकस्टेजवाल्यांच्या नाइट (दर प्रयोगाचं मानधन) हा सगळा खर्च प्रेक्षक पाचशे असोत की हजार, तेवढाच. निम्म्या तिकिटांत तो भागवायचा म्हणजे निर्मात्याने पदरचे पैसे घालायचे. आणि प्रयोग नसेल तर प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या, कपडेपट बघणाऱ्या, सेट लावणाऱ्या माणसाला त्या रात्रीचे पैसेच नाहीत. ऑनलाइन प्रयोगही झाले, 'मोगरा'सारखं 'नेटक', म्हणजे इंटरनेटवरून दाखवलेलं नाटक, रंगलं, पण त्यावर नेपथ्य उभारणाऱ्याचं घर चालत नव्हतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने चित्रपटगृहांना पूर्ण क्षमतेची मुभा दिली, महाराष्ट्र पन्नास टक्क्यांवरच राहिला. पाठोपाठ दुसरी लाट आली आणि ५ एप्रिलला 'ब्रेक द चेन'च्या आदेशाने सगळं पुन्हा बंद झालं. त्या लाटेचं रूप पाहता हा निर्णय चुकीचा होता असं म्हणवत नाही. खटकला तो नंतरचा क्रम. १५ ऑगस्टपासून हॉटेलांना रात्री दहापर्यंतची मुभा मिळाली, दोन डोस घेतलेल्यांना लोकल आणि मॉल खुले झाले. ४ ऑक्टोबरला शाळा उघडल्या, ७ ऑक्टोबरला घटस्थापनेपासून मंदिरं उघडली. थिएटरं उघडली २२ ऑक्टोबरला. बंदिस्त वातानुकूलित सभागृहात धोका असतो, हे खरंच. पण मास्क लावून गप्प बसलेला प्रेक्षक आणि मास्क काढून जेवणारा ग्राहक यांत आधी कुणाला सोडायचं, याचं उत्तर रंगकर्मींना पटेल असं कधी मिळालं नाही. क्रांतिदिनी, ९ ऑगस्टला, ते रस्त्यावर उतरले ते यासाठीच.

ऑक्टोबर २०२१ चं उघडणंही निम्म्याच खुर्च्यांचं होतं. दोन डोसचं प्रमाणपत्र किंवा आरोग्य सेतूवरचा सुरक्षित शेरा दाखवायचा, आत खाणं-पिणं नाही. तरीही १९ नोव्हेंबरला आलेला 'झिम्मा' हा मराठी सिनेमा अर्ध्या क्षमतेवर आठवडेच्या आठवडे चालला, आणि मराठी प्रेक्षक घरबसल्या पाहण्याला सरावून कायमचा गेला ही भीती त्याने मोडून काढली. जानेवारीत ओमायक्रॉन आला. तेव्हा थिएटरं बंद झाली नाहीत, निम्म्यावरच राहिली.

शहराबाहेरच्या करमणुकीची गोष्ट मात्र बातम्यांत फार कमी आली. तमाशाचा हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होऊन बुद्धपौर्णिमेला संपतो आणि त्याची खरी कमाई चैत्रातल्या गावोगावच्या यात्रांत होते. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या, म्हणजे तमाशाच्या मंडळींच्या, राहुट्या लागतात, गावकरी येऊन सुपाऱ्या देतात, म्हणजे खेळ ठरवतात. २०२० चा गुढीपाडवा होता २५ मार्चला, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. २०२१ चा १३ एप्रिलला. त्याच संध्याकाळी राज्यात कडक संचारबंदी जाहीर झाली. लागोपाठ दोन हंगाम असे गेले. हंगामाआधी कलाकारांना उचल द्यायची म्हणून फडमालक कर्ज काढतात. ते फेडायचे दिवसच आले नाहीत. पन्नास टक्क्यांचा नियमही त्यांच्या कामाचा नव्हता, कारण यात्राच भरत नव्हत्या.

मार्च २०२२ च्या सुरुवातीला मुंबई-पुण्यासह चौदा जिल्ह्यांत पूर्ण क्षमतेला परवानगी मिळाली. उरलेले सगळे निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, पुन्हा गुढीपाडव्यालाच, उठले आणि चैत्रातल्या यात्रा भरल्या. टाळेबंदीने अडलेलं शंभरावं नाट्यसंमेलन पिंपरी-चिंचवडमध्ये भरायला मात्र जानेवारी २०२४ उजाडला.