मूळपेशी आत न्यायच्या, पण कोणत्या वाटेने?

बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात त्या दिवसाला ‘डे झीरो’ म्हणतात. आधीचे काही दिवस जबर केमोथेरपी देऊन रुग्णाची स्वतःची मज्जा (बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा गर) रिकामी केलेली असते. घरच्यांना रात्रभर झोप नसते. मग नर्स मूळपेशींची, म्हणजे ज्यांतून नवं रक्त तयार होतं त्या पेशींची, पिशवी घेऊन येते, दिसायला रक्ताच्या पिशवीसारखीच. ऑपरेशन थिएटर नाही, भूल नाही. छातीजवळच्या मोठ्या शिरेत बसवलेल्या सेंट्रल लाइनला नळी जोडली की पेशी आत जाऊ लागतात. त्या गोठवून ठेवलेल्या असतील तर 37 अंशांच्या पाण्यात वितळवून लगेच द्याव्या लागतात. गोठताना त्यांना जपणारं डीएमएसओ हे रसायन वितळल्यावर त्यांनाच बाधतं म्हणून ही घाई. त्या रसायनाचा थोडा भाग रुग्णाच्या श्वासावाटे बाहेर पडतो आणि खोलीत लसणासारखा वास राहतो. या वेळी दोन गोष्टींची फार काळजी घ्यावी लागते. पिशवीवर रेडिएशन पडता कामा नये, आणि नळीला पांढऱ्या पेशी अडवणारी गाळणी लावता कामा नये. साधं रक्त चढवताना याच दोन गोष्टी अशा रुग्णाला जपतात. इथे त्या मूळपेशीच मारून किंवा अडवून उपचार वाया घालवतील.

इतकं साधं दिसणारं हे काम जमायला पाऊणशे वर्षं गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही डॉक्टर रक्ताच्या आजारांवर प्राण्यांची मज्जा चक्क खायला देत. पुढे ती स्नायूत टोचून पाहिली. 1939 मध्ये ती थोडीशी शिरेतून दिल्याची नोंद आहे, पण रुग्ण वाचला नाही. या वाटेवर विश्वास बसला तो 1951 नंतर. मरणप्राय रेडिएशन दिलेले उंदीर मज्जेच्या इंजेक्शनाने जगतात, हे तेव्हा प्रयोगशाळेत दिसलं होतं.

1957 मध्ये अमेरिकेत ई. डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना शिरेतून मज्जा दिली. सहापैकी एकही शंभर दिवसांपुढे गेला नाही. तरीही त्या अपयशी लेखाचं मोल मोठं आहे, कारण शिरेतून एवढी मज्जा दिली तर माणूस तिथल्या तिथे दगावत नाही, हे त्यातून कळलं. त्याआधी भीती हीच होती. कमरेच्या हाडातून ओढून काढलेल्या मज्जेत चरबीचे गोळे आणि हाडाचे कण असतात. ते तसेच शिरेत गेले तर थेट फुफ्फुसांत जाऊन अडकणार. म्हणून मज्जा पोलादी जाळ्यांतून गाळून घेण्याची पद्धत पडली. पुढच्याच वर्षी युगोस्लाव्हियातल्या विंचा इथे अणुभट्टीत अपघात झाला. तिथल्या पाच जणांना पॅरिसमध्ये जॉर्ज माते यांनी फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. चौघे वाचले. ती मज्जा त्यांच्या शरीरात कायमची रुजली नाही, पण तिने सोबत राहून वेळ निभावून नेली, असं तेव्हा मानलं गेलं. दाता आणि रुग्ण यांच्या ऊतींची जुळणी समजल्यावर, 1968 मध्ये, भावंडाची मज्जा कायमची रुजवणं जमलं. थॉमस यांना 1990 मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं.

आता या सगळ्यातली कळीची गोष्ट. शिरेतून दिलेल्या मूळपेशी हाडापर्यंत कोणी नेऊन सोडत नाही. मज्जेतून एका प्रथिनाचा इशारा मिळत असतो, रक्ताच्या मूळपेशींच्या अंगावर तो ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) असतो, आणि त्या आपलं घर स्वतः शोधतात. ही देणगी रक्ताच्या पेशींची आहे. बाकीच्या पेशींना ती तितकीशी नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका इथूनच झाल्या.

2000 च्या सुमारास हृदय, मेंदू, डोळा, गुडघा असा सगळीकडे मूळपेशींचा बोलबाला सुरू झाला, तेव्हा अनेकांनी शिरेचीच वाट उसनी घेतली. पण मज्जेतून किंवा चरबीतून मिळवून प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेझेंकायमल पेशी (हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या मूळपेशी) आकाराने मोठ्या, साधारण 15 ते 30 मायक्रॉनच्या असतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केशवाहिन्या त्याहून अरुंद. हाताच्या शिरेत टोचलेलं रक्त आधी फुफ्फुसांतूनच जातं, त्यामुळे यातल्या बहुतेक पेशी तिथेच अडकतात. हृदयासाठी किंवा मेंदूसाठी म्हणून दिलेली लाखो रुपयांची पिशवी छातीतच थांबते. त्या अडकलेल्या पेशी काही रसायनं सोडतात आणि त्यांचा थोडाफार उपयोग होत असेलही. पण रुग्णाला ‘पेशी जाऊन तुमचा अवयव दुरुस्त करतील’ असं सांगितलेलं असतं, आणि ते खरं नसतं.

हृदयरोगतज्ज्ञांनी मग जवळची वाट धरली. जर्मनीत 2001 पासून रुग्णाचीच मज्जा अँजिओप्लास्टीच्या कॅथेटरमधून हृदयाच्या धमनीत सोडली जाऊ लागली. प्रवाहाने पेशी वाहून जाऊ नयेत म्हणून काही मिनिटं फुग्याने धमनी बंद ठेवायची. मज्जेतल्या लहान पेशींना हे बऱ्यापैकी मानवलं. वाढवलेल्या मोठ्या पेशी मात्र कुत्र्यांच्या धमनीत सोडल्या, तेव्हा त्यांच्या हृदयात बारीक-बारीक झटके आल्याच्या खुणा दिसल्या. ती नोंद 2004 ची. तिसरी वाट सुईची. पॅरिसमध्ये फिलिप मेनाशे यांनी 2000 मध्ये मांडीच्या स्नायूतल्या पेशी बायपासच्या वेळी थेट हृदयाच्या भिंतीत टोचल्या. त्या तिथे टिकल्या, पण शेजारच्या पेशींशी त्यांचा विजेचा सांधा जुळला नाही. काही रुग्णांचे ठोके धोकादायक रीतीने बिघडले आणि छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारी यंत्रं, बसवावी लागली.

मेंदूच्या बाबतीतला धडा याहून कडू आहे. इस्रायलमधल्या एका मुलाला अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा तोल आणि हालचाली बिघडवणारा आनुवंशिक आजार होता. 2001 पासून मॉस्कोत त्याच्या मेंदूत आणि मेंदूभोवतीच्या द्रवात गर्भाच्या मेंदूतल्या मूळपेशी अनेकदा टोचल्या गेल्या. चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी सापडल्या. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्या गाठी त्याच्या स्वतःच्या नव्हत्या, टोचलेल्या पेशींतून वाढलेल्या होत्या. औषधाची गोळी काही तासांत किंवा दिवसांत शरीराबाहेर पडते. पेशी जिवंत असते, ती वाढते, आणि एकदा आत पसरली की गोळा करून परत आणता येत नाही. म्हणून मला वाटतं, ‘पेशी कोणती’ या प्रश्नाइतकाच ‘ती आत कशी जाणार’ हा प्रश्न मोठा आहे.

डोळ्याने या गोष्टीच्या दोन्ही बाजू दाखवल्या. 2015 मध्ये फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन वयस्क स्त्रियांच्या पोटातली चरबी काढली, तिच्यातल्या पेशी वेगळ्या केल्या आणि त्यांच्या डोळ्यांत टोचल्या. प्रत्येकीने 5,000 डॉलर मोजले होते. एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांना इंजेक्शन! कोणताही नेत्रतज्ज्ञ एक डोळा राखून ठेवतो, काही बिघडलं तर दुसरा असावा म्हणून. डोळ्यांत रक्तस्राव होणं, आतला पडदा (रेटिना) सुटणं असे प्रकार झाले आणि तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली.

दुसरी बाजू हैदराबादची. बुबुळाच्या कडेला, काळं आणि पांढरं जिथे मिळतं तिथे, मूळपेशींची एक पातळ रेघ असते. ॲसिडने किंवा चुन्याने ती जळाली की बुबुळावर पांढरा पडदा चढतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी खेळता खेळता फुटून लहान मुलांचे डोळे गेल्याची उदाहरणं आपल्याकडे फार आहेत. पूर्वी दुसऱ्या डोळ्यातल्या पेशी काढून प्रयोगशाळेत थर वाढवावा लागे. खर्च मोठा, सोय मोजक्या ठिकाणी. एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्लेट’ पद्धतीत प्रयोगशाळा लागतच नाही. चांगल्या डोळ्यातून साधारण दोन मिलिमीटरचा चौकोनी तुकडा घ्यायचा, कात्रीने त्याचे दहाएक कण करायचे. जळलेल्या बुबुळावर वारेच्या आवरणाचं अस्तर पसरायचं, त्यावर हे कण फायब्रिनच्या गोंदाने चिकटवायचे आणि वर मऊ लेन्स ठेवायची. कणांतून पेशी पसरतात आणि थर डोळ्यावरच तयार होतो. पेशी डोळ्यासमोर असते, बिघडली तर दिसते. मला ही पद्धत म्हणजे शहाणपणाचा नमुना वाटते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांतलं मूळपेशी प्रत्यारोपण एवढाच मान्य उपचार आहे. बाकी वापर संशोधनात मोडतात, आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने ऑटिझमसाठी मूळपेशींची शिफारस नसल्याचं स्पष्ट केलं. तरी पाठीच्या कण्यातून इंजेक्शन घेण्यासाठी दागिने मोडणारे आईबाप असतात, आणि त्यांना दोष देववत नाही.

सध्याची सर्वात आशेची वाट मधुमेहाची आहे. कॅनडातल्या एडमंटनमध्ये 2000 साली जेम्स शापिरो यांच्या गटाने सात रुग्णांना मृत दात्यांच्या स्वादुपिंडातली बेटं (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके) यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतून दिली. इन्सुलिनला तिथून नेमकी नैसर्गिक दिशा मिळते. धोका रक्तस्रावाचा आणि गुठळीचा. त्याच शिरेतून आता मूळपेशींपासून बनवलेली बेटं दिली जातात. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 जणांपैकी 10 जण वर्षभराने इन्सुलिनशिवाय होते, अर्थात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवून.

पण यकृतात विखुरलेली बेटं पुन्हा शोधता येत नाहीत. चीनमधल्या तियानजिनमध्ये 2023 मध्ये एका पंचवीस वर्षांच्या स्त्रीला तिच्याच पेशींपासून बनवलेली बेटं देताना डॉक्टरांनी मुद्दाम वेगळी जागा निवडली: पोटाच्या पुढच्या स्नायूच्या आवरणाखाली. अर्ध्या तासाचं काम. अडीच महिन्यांत तिचं इन्सुलिन सुटलं. ती जागा एमआरआयवर दिसते, आणि कधी तिथे काही वेडंवाकडं वाढलं, तर पोटाला छोटासा छेद घेऊन ते काढून टाकता येईल.